जुन्या गाडीचं पोट: पावसाळ्याआधी आणि नंतर खाली वाकून काय काय बघता?

दर्याकाठ

नमस्कार मंडळी,

माझी पेट्रोल हॅचबॅक १४ वर्षांची झाली, १ लाख ३० हजार किलोमीटर झालेत. घर रत्नागिरीत, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. खारा वारा लोखंडाचं काय करतो ते आमच्याकडे खिडकीच्या गजांवर रोज दिसतं. गाडी वरून मात्र अजून छान दिसते, विकायची आहे का म्हणून लोक विचारतात. मीही वरचंच बघत होतो. तीन वर्षांपूर्वी जे झालं त्यानंतर खाली बघायला लागलो.

तेव्हा ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी थोडी उतरलेली दिसली. मी विचार न करता वर भरून टाकलं. महिन्याभराने परत उतरली. ब्रेक पॅड झिजले की पातळी हळूहळू थोडी खाली येते, पण महिन्यात दोनदा नाही. म्हणून वॉशिंग सेंटरवर गाडी लिफ्टवर घेतली आणि बॅटरी (टॉर्च) घेऊन खाली उभा राहिलो. मागच्या चाकांकडे जाणारा ब्रेकचा बारीक लोखंडी पाइप ज्या प्लास्टिकच्या क्लिपमध्ये बसतो, तिथे जांभ्याची लाल माती घट्ट भरली होती. ती नखाने काढली तर बोट ओलं झालं. बाकी सगळा पाइप ठीक, क्लिपच्या आतला दोन इंच तेवढा कुजलेला. माती ओलावा धरून ठेवते आणि तिच्याआड गंज दिसत नाही, असं ते चाललं होतं. गाडी तिथेच ठेवून मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी मला पेडल जोरात दाबायला सांगितलं आणि सुईसारखी बारीक धार उडाली.

पुढच्या रविवारी आम्ही पाच जण आंबा घाटाने कोल्हापूरला निघणार होतो. ब्रेकच्या दोन वेगळ्या लाइन असतात, एक फुटली तरी दुसरी चालते, हे मला माहीत आहे. पण परत येताना साखरप्याकडे उतरणाऱ्या वळणांवर भरलेली गाडी अर्ध्या ब्रेकवर थांबवायची कल्पना करून बघा. नवीन पाइप टाकायला अर्धा दिवस लागला.

तेव्हापासून मे अखेरीस एकदा आणि दिवाळीनंतर एकदा गाडी खालून बघतो. माझी पद्धत सांगतो, तुमची तुम्ही सांगा.

पहिली गोष्ट, गाडी धुवायच्या आधी बघायची. सेंटरवाला लगेच पाण्याची तोटी उचलतो, त्याला दहा मिनिटं थांबायला सांगायचं. वेगळे पैसे लागले तर द्यायचे. गळती धुळीत वाचता येते. तेल जिथून निघतं तिथला भाग ओला आणि चमकदार असतो, पुढे वाऱ्याने ते मागे सरकतं आणि त्यावर धूळ बसून काळं राप तयार होतं. म्हणून काळा भाग दिसला की तिथे थांबू नका. त्याच्या पुढच्या बाजूला आणि वर बघत जा, सगळ्यात उंचावरचा ओला ठिपका हे मूळ. बऱ्याच वेळा चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं, गळतंय असं वाटतं आणि तेल वर व्हॉल्व्ह कव्हरच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून उतरलेलं असतं. धुतल्यावर ही सगळी कथा पुसली जाते. गंज मात्र धुतल्यावर जास्त नीट दिसतो, त्यामुळे एकदा आधी आणि एकदा नंतर.

घरी करायचा त्याहून सोपा उपाय म्हणजे रात्री इंजिनाखाली मोठा पुठ्ठा सरकवायचा आणि गाडीचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते बाण काढून त्यावर लिहायचं. सकाळी डाग बघायचे. तपकिरी-काळा म्हणजे इंजिन ऑइल. हिरवा, गुलाबी किंवा निळसर, गोडूस वासाचा म्हणजे कूलंट. लालसर आणि पातळ, म्हणजे हायड्रॉलिक पॉवर स्टीअरिंगचं किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल. घट्ट, गंधकासारखा उग्र वास, म्हणजे गिअर ऑइल. आणि चाकाच्या आतल्या बाजूला फिकट पिवळं, बोटाला बुळबुळीत लागणारं काही दिसलं तर ते ब्रेक ऑइल समजा आणि गाडी हलवू नका. एसीचं स्वच्छ पाणी पडतं ते पडायलाच हवं. दमट हवेत एसी लावूनही ते पडत नसेल तर नळी तुंबली आहे आणि ते पाणी पायाखालच्या कार्पेटमध्ये मुरतंय. मग तळाचा पत्रा आतून कुजतो, खालून कितीही रंग मारा.

लिफ्टवर बॅटरी घेऊन मी पुढून मागे जातो. पुढच्या एक्सलचे, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या दांड्यांच्या सांध्यांवरचे, रबरी बूट सगळ्यात महत्त्वाचे. चाक एका बाजूला पूर्ण वळवून बुटाच्या घड्या बोटांनी उघडून बघायच्या, भेगा घडीच्या तळाशी असतात. बूट फाटला की ग्रीस गोल फिरत बाहेर उडतं, चाकाच्या आतल्या बाजूला त्याची रेघ उमटते. या वेळी पकडलं तर फक्त बूट आणि ग्रीस बदलून भागतं. वळताना कट-कट आवाज यायला लागला की आत माती जाऊन जॉइंट खाल्ला गेला, खर्च कितीतरी पट. स्टीअरिंग रॅकचे बूट, लोअर आर्मचे (चाक खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश, शॉकअपवर तेलाचा ओघळ, इंजिन माउंटचं रबर, हे ओघात होतं. सायलेन्सरच्या जोडांवर काजळीचे पट्टे दिसले तर तिथून धूर निसटतोय, आणि तो धूर फाटक्या तळातून आत आला तर जिवावरचं आहे.

आणि प्रत्येक वेळी मोबाइलवर त्याच बारा जागांचे फोटो काढतो. एकट्या फोटोवरून काहीच कळत नाही. मागच्या मे महिन्याचा फोटो शेजारी धरला की गंजाचा डाग तेवढाच आहे की पसरलाय, ते लगेच समजतं.

---

मुक्ता_ठाणे

दर्याकाठ दादा, वाचून खाली वाकून बघितलं, काळोखाशिवाय काही दिसलं नाही. माझी गाडी पुढच्या वर्षी पंधरा वर्षांची होते. नोंदणीचं नूतनीकरण करून अजून पाच वर्षं वापरायची इच्छा आहे, बाबांनी घेतलेली गाडी आहे. आमच्या सोसायटीत बेसमेंट पार्किंग आहे. टायर बदलायचा जॅक डिकीत आहे, तो लावून खाली जाऊन बघितलं तर चालेल का? मेकॅनिककडे गेलं की ते "सगळं ओके" म्हणतात, मला त्यातलं कळत नाही, त्यामुळे स्वतः बघायचं आहे.

---

पानाफिरवा

मुक्ताताई, नाही. जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. डोकं नाही, हातही नाही. मी एसटीच्या कार्यशाळेत ३१ वर्षं काढली, हे एक वाक्य मी प्रत्येक शिकाऊ पोराला पहिल्या दिवशी सांगितलं आहे. डिकीतला जॅक चाक बदलण्यापुरता असतो. जमीन थोडी उतरती असली, जॅकचा पाय थोडा सरकला, की गाडी क्षणात खाली येते. जुन्या गाडीत तर जॅक लावायची जागाच गंजून मऊ झालेली असते आणि जॅक पत्र्यात घुसतो.

उचलायचीच असेल तर सपाट काँक्रीट, हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी (चाक अडवणारे ठोकळे), आणि वजन जॅकस्टँडवर, म्हणजे गाडी पेलणाऱ्या लोखंडी घोड्यांवर. मग गाडीला बाहेरून जोरात हलवून बघायचं, आणि मगच पुढचं. पण तुम्ही हे करू नका, लिफ्ट किंवा खड्डा असलेल्या ठिकाणी जा. आणखी दोन गोष्टी: गाडी थांबवून तासभर तरी जाऊ द्या, सायलेन्सरची पुढची नळी आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हात लागताच भाजतात. आणि डोळ्याला चष्मा हवाच. गंजाचे कण वर बघताना सरळ डोळ्यात पडतात.

आता बघायचं काय. पत्रा डोळ्यांनी नाही, कानांनी तपासायचा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा टणटणीत वाजतो, कुजलेला बद्द वाजतो. बद्द वाजला तिथे टोकाने दाबा. वरवरचा तपकिरी थर असेल तर तो घासून, प्रायमर मारून थांबवता येतो. पापुद्रे सुटत असतील तर पत्रा जाडी हरवून बसला आहे. टोक आत गेलं तर कापून नवा पत्रा वेल्ड करायचा, दुसरा इलाज नाही.

कुठे ठोकायचं: दाराखालचा रनिंग बोर्ड, विशेषतः मागच्या चाकाच्या लगतचं टोक. लोअर आर्म जिथे बसतो तो क्रॉस मेंबर, म्हणजे गाडीखालची आडवी तुळई. मागच्या स्प्रिंगची वाटी, तिच्यात माती साठते आणि स्प्रिंगचा शेवटचा वेढा तिथेच तुटतो. मग वरून शॉकअप जिथे बसतो ती जागा, ती बॉनेट उघडून दिसते. रनिंग बोर्डाला आणि दारांना खालून लहान छिद्रं असतात, पाणी जाण्यासाठी. ती मातीने बुजली की पाणी आत साठून राहतं. तारेने मोकळी करा. डेंटिंगवाल्याने रंगकाम करताना ती पुट्टीने बुजवलेली मी कितीदा बघितली आहेत.

सायलेन्सरच्या डब्याला तळाशी बारीक भोक असतं, तेही मुद्दाम ठेवलेलं असतं. जवळच्या जवळ गाडी फिरवली की आतलं पाणी वाफ होऊन जात नाही, ते तिथून निथळतं. गळतंय म्हणून ते वेल्ड करून बंद करू नका.

चाक लिफ्टवर लोंबकळत असेल तर वर आणि खाली धरून हलवा. खटखट आली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (लोअर आर्म आणि चाक यांच्यातला गोळ्याचा सांधा). डावी-उजवी बाजू धरून खटखट आली तर बहुधा टाय रॉड एंड, म्हणजे स्टीअरिंगच्या दांड्याचं चाकाकडचं टोक. बॉल जॉइंट ढिला असेल तर त्याला उद्यावर टाकायचं नाही. तो निसटला की चाक आडवं होतं.

---

ऊसवाट

इस्लामपूरकडचा आहे. शेतावर जुनी डिझेल जीप आहे, वीस वर्षं झाली. आमच्याकडे दर पावसाळ्याआधी जळकं ऑइल खालून फवारतात. चेसिसला गंजाचा ठिपका नाही. वडिलांपासून चालत आलंय, फुकटातलं आहे. मग गाडीला खालून गंजरोधक थर मारतात ती महागडी अंडरकोटिंग कशाला करायची?

---

पानाफिरवा

ऊसवाट, तुमच्या जीपची चेसिस वाचली यात नवल नाही, लोखंडावर तेल असलं की गंज थांबतो. पण तुमच्या जीपला शिडीसारखी जाड चेसिस आहे आणि खाली रबरी भाग कमी. मुक्ताताईंची गाडी पत्र्याच्या पेटीची आहे, तिला वेगळी चेसिसच नाही. तळाचा पत्रा आणि रनिंग बोर्ड हेच तिचं हाडकाठ. तिच्या खाली पंचवीस ठिकाणी रबर आहे: बुश, बूट, ब्रेकचे होज. खनिज तेल लागलं की यातलं बरंचसं रबर फुगतं आणि मऊ पडतं. ब्रेक लायनिंगवर थेंब गेला तर चाक धरत नाही. सायलेन्सरवर पडलं तर धूर, कधी जाळसुद्धा. आणि पहिल्या पावसात ते धुऊन तुमच्याच बांधात, विहिरीत जातं. जळक्या तेलात इंजिनाच्या झिजेचा धातू असतो, ते पिकाला नको.

मेणाचा फवारा मिळतो, तो पोकळ भागांत मारायचा. चेसिसला तेलच लावायचं असेल तर ब्रशने, नेमक्या जागी, रबर आणि ब्रेक सोडून.

---

ऊसवाट

काका, विहिरीचं डोक्यात आलं नव्हतं. आम्ही जीप विहिरीजवळच्या थारोळ्यावरच फवारतो. या वर्षी ब्रशने करतो.

---

दर्याकाठ

अंडरकोटिंगवरून माझा अनुभव जोडतो. काळं डांबरी कोटिंग नव्या किंवा पूर्ण साफ केलेल्या पत्र्यावर उत्तम. गंजावरून मारलं तर आत ओलावा कोंडला जातो आणि वरून सगळं काळं कुळकुळीत दिसत राहतं. माझ्या भावाने गाडी घेतली तेव्हा खालचं कोटिंग बघून आम्ही खूश झालो होतो. वर्षभराने एक तुकडा ताटलीएवढा सुटून पडला, त्याच्या पाठीला पत्र्याचा गंज चिकटलेला. तेव्हापासून, जुन्या गाडीला खालून ताजा काळा रंग दिसला की मी आधी तिथेच ठोकतो.

---

वाशिष्ठीकर

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी माझ्याकडूनही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्यात गेलं तेव्हा आमच्या गल्लीतल्या गाड्यांची टपं तेवढी दिसत होती. त्यातल्या कितीतरी धुऊन-पुसून पुढे विकल्या गेल्या. मुंबईकरांनी हे २६ जुलै २००५ नंतर बघितलं आहे, सांगली-कोल्हापूरकरांनी २०१९ ला.

पुरातली गाडी खालून ओळखता येते, कारण वरचं सगळं बदलतात आणि खालचं कोणी बदलत नाही. सीटच्या रुळांना आणि सीटखालच्या बोल्टांना गंज, सीटबेल्ट पूर्ण ओढला की शेवटच्या हातभर भागावर मातीची रेघ, मागच्या दिव्यांच्या पोकळीत गाळ. खालून बघताना क्रॉस मेंबरच्या आतल्या भोकात बोट घाला. रस्त्याची माती खरखरीत असते. पुराचा गाळ पिठासारखा बारीक असतो आणि रस्त्याचे शिंतोडे कधी पोचणार नाहीत अशा उंचीवरही बसलेला असतो. आम्ही तो घरातून महिनाभर काढत होतो, त्यामुळे बोटाला लागला की ओळखतो.

---

लीड्सकर

इथे इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे दर्याकाठ यांचं दुखणं आमच्याकडे समुद्राशिवायही आहे. गाडी तीन वर्षांची झाली की दर वर्षी एमओटी तपासणी सक्तीची, आणि त्यात गाडी उचलून खालून बघतात. त्यातला एक नियम तुम्हाला उपयोगी पडेल. सस्पेन्शन, स्टीअरिंग, ब्रेक किंवा सीटबेल्ट जिथे बसवलेले असतात, त्या जागेपासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा गंजून कमकुवत झाला असेल तर गाडी नापास. तिथे पुट्टी किंवा फायबर लावून बुजवलेलं चालत नाही, धातूच लागतो. त्याच गाडीत मजबुतीशी संबंध नसलेल्या पत्र्याला भोक असेल तर अनेकदा पास होते.

म्हणून मी खाली बघताना वीतभर नाही, दीड वीत मोजतो. या जागांच्या आसपास तेवढ्या अंतरात गंज दिसला तर लगेच काम, बाकीचा यादीत. सगळ्याच गंजाला घाबरलं तर जुनी गाडी ठेवता येत नाही.

---

भोसरी_सीएनजी

कोणी सीएनजीवाल्यांचं बोललं नाही म्हणून लिहितो. मागच्या सिलेंडरपासून इंजिनापर्यंत जी बारीक नळी तळाखालून जाते, तिच्यात २०० बारच्या आसपास दाब असतो. तिचे क्लॅम्प ढिले झाले की नळी पत्र्याला घासते आणि घासल्या जागी गंज धरतो. क्लॅम्प हाताने हलवून बघा, जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे बघा. सिलेंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी) दर तीन वर्षांनी करायची असते, तारीख सिलेंडरच्या पट्टीवर असते. आणि तळाला वेल्डिंग करायचं असेल तर गाडीत सीएनजी आहे हे आधी वेल्डरला सांगा. तो विचारत नाही.

---

केतकीचंबन

वाचनखूण साठवली. काकांचं ठोकून बघायचं आज संध्याकाळीच करते.

---

मुक्ता_ठाणे

काल रविवारी सकाळी सातला वॉशिंग सेंटरवर गेले, गर्दी नव्हती. धुवायच्या आधी पंधरा मिनिटं बघू द्याल का म्हटलं तर तिथल्या दादांनी स्वतः बॅटरी आणून दिली. चष्मा घातला होता.

सापडलेलं लिहिते. डाव्या बाजूचा एक्सल बूट आतल्या घडीत फाटलेला, चाकाच्या आतून ग्रीसची रेघ, अगदी दर्याकाठ दादांनी लिहिली तशी. आवाज अजून येत नाही. चेंबरच्या ड्रेन प्लगभोवती ओलं होतं. रनिंग बोर्ड दोन्ही बाजूंनी टणटणीत वाजला, पण उजवीकडची तीन छिद्रं मातीने बंद होती. तारेने मोकळी केली तर पेलाभर घाण पाणी पडलं. ठाण्यात पाऊस थांबून महिना झाला आहे!

आणि एक गोष्ट इथे कोणी लिहिलेली नाही. तळाच्या पत्र्याला गोल रबरी बुचं असतात. ड्रायव्हरच्या मागच्या बाजूचं एक बूच जागेवर नव्हतं. वर येऊन कार्पेट उचललं तर खालचा फोम पिळता येईल इतका ओला आणि पत्र्यावर तपकिरी नकाशा. दोन पावसाळे मागची सीट कुबट वास मारते म्हणून मी सीट कव्हर बदलत होते.

आज बूट आणि ड्रेन प्लगचं वॉशर सांगितलं आहे. मेकॅनिकला फोटो दाखवले तेव्हा ते स्वतः खाली जाऊन बघून आले. कार्पेट गच्चीवर वाळत घातलं आहे. पत्र्यावरच्या गंजाचं काय करू? स्क्रू ड्रायव्हर आत जात नाही.

---

पानाफिरवा

आत जात नाही म्हणजे पत्रा वाचला. तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा, पुसा, पूर्ण वाळू द्या, दोन हात झिंक प्रायमर, त्यावर रंग. फोम परत टाकायची घाई नको, आत ओल राहिली तर केलेलं फुकट जाईल. बूच कंपनीच्या पार्टच्या दुकानात मापाने मिळतं, जागेवर असलेलं दुसरं एक काढून नमुन्याला सोबत न्या. बसवताना कडेने सीलंट फिरवा.

---

दर्याकाठ

मुक्ताताई, बुचाचं वाचून आत्ता कंदील लागायच्या आत खाली जाऊन माझ्या गाडीचं कार्पेट उचललं. चारही बुचं आहेत, पण मागच्या उजव्या बुचाचं रबर कडक होऊन कडेला भेग पडली आहे, बोट लावलं तर दमट. माझ्या बारा फोटोंमध्ये ही जागा नव्हती. या दिवाळीपासून तेरा.